न खणतां पाहणें

ज्या वाचकांचें बाळपण जुन्या वाड्यांत गेलें आहे, त्यांना पुरलेल्या हंड्याची गोष्ट मुद्दाम सांगावयास नको. प्रत्येक वाड्याला एक हंडा असतो. तो कोणीं पाहिलेला नसतो. पण तो कोठें पुरला आहे हें घरांतील प्रत्येकास ठाऊक असतें, आणि प्रत्येकाची जागा निराळी असते. आमच्या घाटावरील वाड्यांतहि असा एक हंडा होता. आमच्या आजीच्या म्हणण्याप्रमाणें तो माजघरांत होता, थोरल्या काकांच्या मतें तो मागील पडवींत होता, आणि आमच्या तीर्थरूपांचा त्या गोष्टीवर विश्वासच नव्हता. तथापि हंडा नाहींच, असेंहि त्यांनीं कधीं निक्षून म्हटल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.

आम्ही आठ-नऊ वर्षांचे असतांना थोरल्या काकांनीं शेजारच्या गांवाहून एका पायाळू गृहस्थास बोलावून आणिलें. जो पायांकडून जन्मला त्याच्या डोळ्यांत विशिष्ट अंजन घातलें म्हणजे त्याला भूमींतील द्रव्य दिसूं लागतें, अशी आपल्याकडील जुनी समजूत आहे. त्या गृहस्थानें अंजन घातलें, वाडाभर फेरी मारली, आणि मागील पडवीच्या कोपऱ्यांत उभें राहून पायाचा अंगठा जमिनीवर दाबला. पुढें तीन रात्री खणणें चाललें. दिवसा खणलें असतें तर गांवांत बभ्रा झाला असता. कमरेइतका खड्डा झाल्यावर हातीं काय लागलें? दोन-तीन घमेलीं खापऱ्या, राखेचा एक जाड थर, आणि त्याखालीं विटेसारखी लाल झालेली कठीण माती. हा सर्व कचरा परसांतील उकिरड्यावर गेला. चौथ्या दिवशीं खड्डा बुजवून वर सारवण झालें, आणि पायाळू गृहस्थ आपली दक्षिणा घेऊन निघून गेले.

गोष्ट येथेंच संपली असती तर आज ती हंसण्यावारी नेतां आली असती. परंतु तिसऱ्या रात्रीं आमचे तीर्थरूप परगांवीं गेले होते. परत आल्यावर त्यांना रिकामा खड्डा दाखविण्यांत आला, आणि त्याच दिवशीं कोणीं तरी त्यांच्या कानांत एक वाक्य सोडलें. "खड्डा रिकामा आहे खरा, पण तो रिकामा निघाला कीं रिकामा केला?" एवढ्या एका वाक्यावर दोघे सख्खे भाऊ अकरा वर्षें एकमेकांशीं बोलले नाहींत. पंगत एक, देवघर एक, श्राद्धपक्ष एक; पण "त्यांना ताक वाढा" असें दोघेहि तिसऱ्याकरवीं बोलत. आमची आजी हें दुःख उरांत घेऊनच गेली.

हें सर्व आज आठवण्यास एक निमित्त घडलें. सुटींत आमचा नातू घरीं आला होता. तो आपल्या फोनवरील एक चित्र आमच्यापुढें धरून म्हणाला, "आजोबा, हें पाहा. जमिनीखालचें अख्खें शहर सांपडलें आणि एक कुदळ मारावी लागली नाहीं!" चित्रांत करड्या रंगावर रस्ते, चौक व घरांच्या भिंती रांगोळीच्या रेघांसारख्या उमटल्या होत्या. पुढें तो हंसून म्हणाला, "तुमच्या काकांजवळ हें यंत्र असतें तर?" त्याच्यापुरता तो विनोद होता. आम्हांस मात्र त्या प्रश्नानें पुष्कळ दिवस पुरेल इतका विचार दिला. शाळेंत आम्हीं संस्कृत शिकविलें, पदार्थविज्ञान नव्हे; म्हणून या विषयावरील जेवढें वाचतां आलें तेवढें वाचलें, नातवाकडून समजावून घेतलें, आणि तेंच आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

खणणें म्हणजे पुसणें

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, उत्खनन हें संशोधनाचें साधन असलें तरी तें एका अर्थीं नाशाचेंहि साधन आहे. जमिनींतील थर म्हणजे एकावर एक रचलेलीं पानें होत. खालचें पान वाचावयाचें तर वरचें फाडावें लागतें, आणि एकदां फाडलेलें पान पुन्हां वाचतां येत नाहीं. म्हणून जाणता संशोधक प्रत्येक थर उचलण्यापूर्वीं त्याचें मोजमाप व चित्र घेतो, आणि जेथें न खणतां काम भागेल तेथें खणतच नाहीं. आमच्या पडवींतील त्या खापऱ्या कोणत्या थरांत होत्या, राखेच्या वर होत्या कीं खालीं, हें आतां ब्रह्मदेवासहि सांगतां यावयाचें नाहीं.

न खणतां आंतील स्थिति ओळखण्याची युक्ति तशी नवी नाहीं. बाजारांत मडकें घेतांना आपल्या घरच्या बायका त्यावर टिचकी मारून नाद ऐकतात. तोच हा प्रकार. इंग्लंडांतील जनरल पिट-रिव्हर्स यांनीं १८९३ सालीं डॉर्सेट परगण्यांत हँडली येथील टेकाडावर कुदळीनें जमीन ठोकून पाहिली. बुजलेल्या खंदकावर नाद निराळा येई, आणि त्या नादाच्या मागानें त्यांस वर कांहींहि न दिसणारा एक प्राचीन खंदक सांपडला. आपल्याकडे सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत दकार्गल नांवाचा एक अध्याय लिहिला आहे. कोणतें झाड, कोठें वारूळ, मातीचा रंग कसा, यांवरून भूमींतील पाण्याचा ठाव कसा काढावा हें त्यांत सांगितलें आहे. त्यांतील प्रत्येक खूण खरी ठरो वा न ठरो. वर दिसणाऱ्या चिन्हावरून खालच्या न दिसणाऱ्या वस्तूचें अनुमान करावें, ही त्यामागील दृष्टि शास्त्राची आहे, अंजनाची नव्हे.

तीन प्रकारचीं यंत्रें

आधुनिक यंत्रें हेंच अनुमान अधिक सूक्ष्म चिन्हांवरून करितात. त्यांतील मुख्य प्रकार तीन.

पहिला प्रकार विजेचा. ओल्या मातींतून विजेचा प्रवाह सहज जातो, दगडी भिंतींतून तो कष्टानें जातो. जमिनींत धातूच्या सळया खोंचून त्यांतून सौम्य प्रवाह सोडावा, आणि त्यास किती अडथळा होतो तें पावलापावलावर मोजावें. अडथळा वाढला तर खालीं दगड असण्याचा संभव. घटला तर ओल धरून ठेवणारा बुजलेला खंदक असण्याचा संभव. इंग्लंडांत थेम्स नदीकांठच्या डॉर्चेस्टर गांवीं १९४६ सालीं रिचर्ड अ‍ॅट्किन्सन यांनीं ही रीति प्राचीन अवशेषांच्या शोधांत वापरली. तेथील वाळू-गोटे काढण्याच्या खाणी प्राचीन स्थळें गिळीत चालल्या होत्या. सगळीकडे खणून पाहण्यास सवड नव्हती. तेव्हां कोठें खणावें हें आधीं समजणें अगत्याचें होतें.

दुसरा प्रकार चुंबकाचा. मातींत लोहाचे अतिसूक्ष्म कण असतात. ती माती सहा-सातशें अंश सेंटिग्रेडपर्यंत तापली म्हणजे त्या कणांची जुनी चुंबकीय दिशा नाहींशी होते, आणि निवतांना ते सर्व त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेस अनुसरून स्थिर होतात. म्हणून कुंभाराची भट्टी, विटांची भिंत किंवा वर्षानुवर्षें पेटलेली चूल ही एक दुर्बल चुंबकच होऊन राहते, आणि हजार-दोन हजार वर्षांनींहि तिचा तो गुण ओळखतां येतो. १९५८ च्या मार्च महिन्यांत ऑक्सफर्डचे मार्टिन एट्किन यांनीं इंग्लंडांतील वॉटर न्यूटन येथें रुंद होऊं घातलेल्या हमरस्त्याच्या वाटेवर अशी पाहणी केली, आणि रोमन काळची कुंभारभट्टी हुडकून काढली. त्या यंत्राचें नेत्र काय होतें म्हणाल, तर पाण्याची एक बाटली व तिच्या भोंवतीं गुंडाळलेली तांब्याची तार! पाण्यांतील हायड्रोजनच्या अणुगर्भांचें डोलणें चुंबकीय बलाप्रमाणें कमीअधिक वेगानें होतें. तो वेग मोजला कीं बल कळतें.

येथें मोजावयाचा फरक किती लहान असतो याची कल्पना यावी म्हणून सांगतों. पृथ्वीचें चुंबकीय बल पन्नास हजार भाग धरलें, तर बुजलेल्या खंदकामुळें पडणारा फरक पुष्कळदां पांच-दहा भागांचाच असतो. म्हणून हें यंत्र घेऊन फिरणाऱ्यानें अंगावर लोखंड ठेवूं नये असा कडक नियम आहे. पट्ट्याचें बक्कल नको, बुटाचा खिळा नको, खिशांत किल्ली नको. जानव्यास कपाटाची किल्ली बांधून हिंडणारे आमच्यासारखे गृहस्थ या कामास अगदींच निरुपयोगी; त्यांनीं जेथें पाऊल टाकावें तेथें यंत्रानें अवशेष असल्याचें सांगावें!

तिसरा प्रकार रडारचा. जमिनींत रेडिओ-लहरींचे क्षणिक ठोके सोडावयाचे. माती, दगड, पोकळी अशीं द्रव्यें जेथें बदलतात तेथून लहरींचा कांहीं अंश परत येतो. विहिरींत हांक मारली असतां प्रतिध्वनि किती वेळानें आला यावरून खोलीचा अंदाज करावा, तसाच येथें परतीच्या वेळेवरून खोलीचा अंदाज होतो. पहिल्या दोन रीतींहून हिचा विशेष हा कीं, जमिनीचे आडवे काप पाडल्याप्रमाणें हातभर खोलीवर काय आहे, दोन हात खोलीवर काय आहे, अशीं निरनिराळीं चित्रें हिच्यायोगें मिळतात.

कुदळ न मारतां सांपडलेलें नगर

नातवानें दाखविलेलें चित्र याच तिसऱ्या रीतीचें होतें. रोमच्या उत्तरेस सुमारें ५० किलोमीटरवर फालेरी नोव्ही नांवाचें एक उजाड नगर आहे. इ. स. पूर्वीं २४१ मध्यें रोमनांनीं जुनें फालेरी जिंकून तेथील लोकांस या नव्या जागीं वसविलें, इ. स. ७०० च्या सुमारास तें ओस पडलें. वर दुसरें शहर न बसल्यामुळें तट उभा राहिला आणि आंत शेतें झालीं. केंब्रिज व घेंट येथील विद्यापीठांच्या संशोधकांनीं एका लहान चारचाकी गाडीच्या मागें रडारयंत्रें जोडून तटाच्या आंतील सर्व ३०.५ हेक्टर, म्हणजे सुमारें ७५ एकर, भूमि ओळीनें पिंजून काढली. दर साडेबारा सेंटिमीटरवर एक, याप्रमाणें नोंदी घेतल्या. २०२० सालीं 'अँटिक्विटी' या नियतकालिकांत त्यांनीं जो नकाशा प्रसिद्ध केला, त्यांत देवालय, बाजार, स्नानगृह, एक भव्य सार्वजनिक वास्तु आणि पाण्याच्या नळांचें जाळें हीं सर्व दिसतात. नळ केवळ रस्त्यांच्या कडेनें जात नाहींत, तर घरांच्या गटांखालून गेले आहेत. म्हणजे घरें बांधण्यापूर्वींच पाण्याची योजना झाली असली पाहिजे. भिंतींची जागा कळली हें तर खरेंच. पण नगर वसविणाऱ्यांच्या मनांतील क्रमहि कळला, आणि शेतांतील एक थरहि विस्कटला नाहीं.

हें वाचून नातू जसा हर्षभरित झाला तसेच आम्हीहि झालों. परंतु पुढें वाचतां वाचतां दुसरी एक हकीकत हातीं लागली, आणि आमच्या मतें ती पहिलीहून अधिक मोलाची आहे.

नव्वद दगडांची गोष्ट

इंग्लंडांतील स्टोनहेंजच्या प्रचंड शिळांचें वर्तुळ वाचकांनीं चित्रांत पाहिलें असेल. तेथून सुमारें तीन किलोमीटरवर डरिंग्टन वॉल्स नांवाचें सुमारें साडेचार हजार वर्षांपूर्वींचें वर्तुळाकार स्थळ आहे. त्याचा व्यास जवळजवळ ५०० मीटर असून भोंवतीं माती व खडूचा बांध आहे. ब्रिटिश व ऑस्ट्रियन संशोधकांच्या एका संयुक्त पथकानें या सर्व प्रदेशाची यंत्रांनीं पाहणी केली. त्यांत या बांधाखालीं ओळीनें बसविलेल्या मोठमोठ्या घन वस्तूंच्या खुणा रडारवर उमटल्या. २०१५ च्या सप्टेंबरांत पथकानें जाहीर केलें कीं, येथें एके काळीं सुमारें ९० शिळा उभ्या असाव्यात, त्यांतील कांहीं साडेचार मीटरपर्यंत उंच असाव्यात, आणि कित्येक अद्यापि बांधाखालीं आडव्या पडलेल्या असाव्यात. जगभरच्या वृत्तपत्रांत ठळक मथळे आले. स्टोनहेंजहून मोठें शिलावर्तुळ सांपडलें, असें जो तो सांगूं लागला.

पुढील वर्षीं, १९१६ नव्हे तर २०१६ च्या ऑगस्टांत, म्हणजे बारा महिन्यांच्या आंतच, त्यांतील दोन खुणांच्या जागीं प्रत्यक्ष उत्खनन झालें. शिळा निघाली नाहीं. निघाले ते लाकडी खांब रोवण्यासाठीं खणलेले मोठे खड्डे. खांब पूर्वींच उपटून नेलेले होते, आणि रिकामे खड्डे खडूच्या चुऱ्यानें ठांसून भरून त्यांवर बांध घातलेला होता. ठांसलेला खडू व आडवी शिळा यांचा रडारवरील ठसा सारखाच दिसला होता.

न्यायशास्त्र ज्यांनीं थोडेंबहुत वाचलें आहे त्यांस येथें काय झालें तें तात्काळ कळेल. धूर दिसला म्हणून पर्वतावर अग्नि आहे हें अनुमान योग्य. कारण अग्नीवांचून धूर होत नाहीं. परंतु अग्नि आहे म्हणून धूर असलाच पाहिजे हें अनुमान चूक. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि आहे, पण धूर नाहीं. जो हेतु साध्याच्या जागींहि आढळतो आणि साध्य नसतें त्या जागींहि आढळतो, त्यास आपले नैयायिक सव्यभिचार म्हणतात. रडारचा तो घन ठसा शिळेच्या ठायींहि असतो आणि ठांसलेल्या खडूच्या ठायींहि असतो. यंत्र खोटें बोललें नव्हतें. येथें भोंवतालच्या मातीहून कांहीं निराळें आहे, एवढेंच त्यानें सांगितलें. 'निराळें' या शब्दाच्या जागीं 'शिळा' हा शब्द मनुष्यानें घातला.

तथापि आम्हांस त्या पथकाच्या चुकीपेक्षां पुढील वर्तन अधिक शिकण्यासारखें वाटतें. ज्यांनीं शिळांचें अनुमान केलें होतें, त्या पथकांतील मंडळी आणि ज्यांस खांबांचा संशय होता अशी मंडळी, दोघेहि त्या उत्खननांत एकत्र होते. खड्डा सर्वांसमक्ष उघडला, आणि जें निघालें तें सर्वांनीं मान्य केलें. २०२० सालीं याच डरिंग्टनभोंवतीं दोन किलोमीटरहून अधिक व्यासाच्या वर्तुळांत मोठमोठे बुजलेले खड्डे असल्याचें जेव्हां प्रसिद्ध झालें, तेव्हां संशोधकांनीं यंत्राच्या चित्राबरोबरच कांहीं ठिकाणीं जमिनीस भोंक पाडून आंतील मातीचे नमुनेहि काढले होते. अनुमानास प्रत्यक्षाची जोड देण्याचा हा मार्ग.

इटलींतील लेरिची यांनीं हीच गोष्ट फार सुंदर रीतीनें साधली होती. टार्क्विनिया येथील एट्रुस्कन लोकांच्या भूमिगत थडग्यांचा ठाव प्रथम यंत्रानें लावावयाचा, मग छतास लहानसें भोंक पाडून त्यांतून दुर्बिणीसारखी नळी व कॅमेरा आंत सोडावयाचा. पुष्कळ थडगीं पूर्वींच लुटलेलीं असत. तीं उघडण्याचा खटाटोप त्यामुळें वांचे. १९५८ सालीं भिंतीवर क्रीडास्पर्धांचीं चित्रें असलेलें एक प्रसिद्ध थडगें याच रीतीनें सांपडलें.

आपली भूमि

या यंत्रांचा आपल्या देशीं उपयोग होतो काय, असें वाचक विचारतील. होतो. भुवनेश्वरजवळ शिशुपालगड नांवाचें प्राचीन तटबंदीचें नगर आहे. तेथें १९४८ सालीं बी. बी. लाल यांनीं उत्खनन केलें होतें. २००५ पासून पुढें आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे र. कु. मोहंती व अमेरिकेंतील मोनिका स्मिथ यांनीं तेथें जें काम केलें, त्यांत यंत्रांची पाहणी, पृष्ठभागावरील खापऱ्यांची पद्धतशीर नोंद आणि मोजकें उत्खनन, यांची सांगड घातली. वाढतें भुवनेश्वर शहर त्या तटाच्या आंत शिरत आहे. जेथें उद्यां घराचा पाया पडावयाचा तेथें आज काय आहे हें लवकर कळणें किती अगत्याचें, हें सांगावयास नको.

मात्र आपल्या महाराष्ट्राची भूमि या यंत्रांशीं थोडी हट्टानें वागते. आपला काळा पाषाण अग्निजन्य, म्हणजे लाव्हारस थिजून झालेला. तो स्वतःच चुंबकीय गुणाचा असल्यामुळें चुंबकीय पाहणींत जुन्या चुलीचा क्षीण आवाज त्याच्या गलबल्यांत बुडून जाण्याचें भय असतें. आपली काळी माती चिकण व ओल धरून ठेवणारी. तींत रडारच्या लहरी फार खोल न जातांच विरून जातात. म्हणून येथें यंत्र निवडतांना ऋतु, माती व खडक पाहावे लागतात, आणि एकाच यंत्रावर न विसंबतां दोन-तीन रीतींची साक्ष जुळवून पाहावी लागते. इटलींतील शेतांत जें लख्ख उमटलें तें आपल्या परसांतहि तसेंच उमटेल, अशी आशा कोणीं करूं नये.

पुन्हां आमची पडवी

आतां नातवाच्या प्रश्नाकडे वळतों. काकांजवळ तें यंत्र असतें तर काय झालें असतें? आम्हीं पुष्कळ विचार केला, आणि उत्तर थोडें चमत्कारिक आलें. पडवीच्या त्या कोपऱ्यांत लाल भाजलेली माती होती व वर राख होती. म्हणजे आमच्या वाड्याच्याहि पूर्वीं तेथें कोणाची तरी चूल बहुधा पुष्कळ वर्षें पेटत असावी. खडकाचा अडथळा नसता तर चुंबकाच्या यंत्रानेंहि कदाचित् त्याच कोपऱ्यावर बोट ठेविलें असतें! पण त्यानें एवढेंच सांगितलें असतें कीं, येथें कांहीं निराळें आहे. हंडा हा शब्द काकांनींच घातला असता. आणि खड्डा रिकामा निघाल्यावर 'रिकामा केला' हा शब्द दुसऱ्या कोणीं घातला असता. यंत्रानें जमीन दिसते. मनुष्याचें मन दिसत नाहीं.

काका अखेरच्या दुखण्यांत अंथरुणास खिळले तेव्हां तीर्थरूप अकरा वर्षांनीं त्यांच्या उशाशीं जाऊन बसले. आम्ही दाराशीं उभे होतों. काका म्हणाले, "मला कांहीं सांपडलें नव्हतें रे." तीर्थरूप म्हणाले, "ठाऊक आहे, दादा." काका थोडा वेळ गप्प राहिले, आणि मग म्हणाले, "मग एकदां विचारलें कां नाहींस?" तीर्थरूपांस उत्तर देतां आलें नाहीं. अकरा वर्षांत तें अनुमान एकदांहि कसोटीस लागलें नव्हतें.

तो वाडा आतां जीर्ण झाला आहे, आणि सर्वानुमतें पाडून नवीन बांधावयाचा आहे. काकांचा नातू, आमचा पुतण्या, परवां म्हणाला, "काका, पाडण्यापूर्वीं एकदां मेटल डिटेक्टर फिरवून घेऊं. भाड्यानें मिळतो." आम्हीं त्यास सांगितलें कीं, तें यंत्र धातूचा आवाज देईल, पण तो सोन्याचा कीं मोडक्या विळ्याचा हें खात्रीनें सांगणार नाहीं, आणि दर आवाजाला एक खड्डा, असें चाललें तर पाया खणण्यापूर्वींच सारी जागा विस्कटून जाईल. शिवाय १८७८ सालच्या कायद्यानें असें बंधन घातलें कीं, जमिनींत दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सांपडल्यास सांपडणाऱ्यानें जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवावें. तेव्हां गुपचुप खणण्यांत लाभ तर नाहींच, उलट अडचण आहे. पुतण्या सुशिक्षित आहे, ऐकून घेतो. तो म्हणाला, "मग करावयाचें तरी काय?"

आम्हीं जें सुचविलें तें दोन्ही घरांस पटलें. पाया खणण्यापूर्वीं पुरातत्त्व शिकविणाऱ्या कोणा जाणत्या गृहस्थास बोलावून जागा दाखवावी. मागील पडवीचा तो कोपरा सर्वांच्या शेवटीं, आणि हळूहळू उघडावा. खापऱ्या उकिरड्यावर न टाकतां कोणत्या थरांत निघाल्या तें लिहून ठेवावें, आणि थरांचीं छायाचित्रें घ्यावींत. तीं घेण्याचें काम नातवानें आपणहून मागून घेतलें आहे. हंडा निघेल असें आम्हांस वाटत नाहीं. पण त्या चुलीचा उरलेला भाग निघाला तर आमच्या आधीं या जागेवर कोण रांधीत होतें, याचा कांहीं तरी माग लागेल, आणि आम्हांस तेवढें पुरे आहे.

आणखी दोन अटी आम्हीं घातल्या. खणणें दिवसा व्हावें, आणि त्या वेळीं दोन्ही घरांतील माणसें तेथें हजर असावींत.